शेततळ्यात सोडलेले मासे दरवर्षी का संपतात : कारण शोधण्याची रीत आणि उपाय

सांगोला तालुक्यातील आमच्या डाळिंबाच्या बागेला लागून तीस मीटर लांब, तीस मीटर रुंद आणि तीन मीटर खोल असे शेततळे आहे. त्याला प्लास्टिकचे अस्तर आहे. या अस्तराला आमच्याकडे सगळे नुसते 'कागद' म्हणतात आणि मीही पुढे तोच शब्द वापरणार आहे. २०१६ मध्ये 'मागेल त्याला शेततळे' ही योजना आल्यानंतर अशी तळी ठिकठिकाणी झाली आणि पाणी साठलेच आहे तर त्यात मासेही सोडावेत, हा विचार ओघाने आला. पहिली तीन वर्षे मी दर पावसाळ्यात बोटुकली (बोटाएवढी माशांची पिल्ले) सोडली आणि दर उन्हाळ्यात जवळजवळ रिकामे जाळे वर ओढले. पहिल्या वर्षी पाच हजारांतून हाती आले ते बासष्ट मासे, तेही डोक्याने मोठे आणि अंगाने काडीसारखे. पुरवठादाराने पाण्याला दोष दिला, मी बियाण्याला दोष दिला आणि पुढच्या वर्षी पुन्हा पाच हजारच आणले.

हीच तक्रार नंतर अनेकांच्या तोंडून ऐकली आणि प्रत्येकाला उत्तर म्हणून कोणते तरी औषध हवे होते. 'मासे मेले' या दोन शब्दांमागे मात्र निदान पाच-सहा वेगवेगळ्या गोष्टी असतात आणि एकीवरचा उपाय दुसरीला उपयोगाचा नसतो. म्हणून औषध विचारण्याआधी चार प्रश्नांची उत्तरे वहीत लिहून काढावीत: सोडल्यापासून किती दिवसांनी मासे गेले, दिवसाच्या कोणत्या वेळी गेले, मेलेले मासे पाण्यावर दिसले की नाही, आणि मोठे आधी गेले की लहान. या चार उत्तरांतून बहुतेक वेळा कारण स्वतःच पुढे येते.

पहिल्या आठवड्यातच मासे तरंगले तर

बोटुकली सोडल्यावर दोन-चार दिवसांत काठाला पांढरी पोटे दिसू लागली, तर दोष एकतर वाहतुकीत किंवा तळ्यातल्या पाण्यात असतो. यातला नेमका कोणता, हे ओळखण्याची स्वस्त युक्ती म्हणजे हप्पा, म्हणजे मच्छरदाणीसारख्या बारीक जाळीचा वरून उघडा चौकोनी पिंजरा. बियाणे येण्याच्या आठवडाभर आधी जवळपासच्या तळ्यातील पन्नासेक बोटुकली आणून या हप्प्यात दोन दिवस ठेवावीत. ती जगली तर पाणी ठीक आहे असे समजावे. नंतर मोठी खेप आल्यावरही शंभर बोटुकली हप्प्यात वेगळी ठेवावीत. हप्प्यातली जगली आणि बाहेरची गायब झाली तर दोष पाण्याचा नाही आणि बियाण्याचाही नाही. त्यांना कोणीतरी खात आहे. ही एवढी परीक्षा मी पहिल्या वर्षी केली असती तर पुढची दोन वर्षे वाया गेली नसती.

आमच्या भागात बरीच तळी बोअरच्या पाण्याने भरली जातात. खोल जमिनीतून येणाऱ्या या पाण्यात विरघळलेला प्राणवायू जवळजवळ नसतो आणि कार्बन डायऑक्साइड मात्र भरपूर असतो. पाणी आरशासारखे नितळ दिसते आणि आपण खूश होतो. माशाच्या दृष्टीने मात्र त्यात श्वासही नाही आणि घासही नाही. बोअरच्या पाण्याने भरलेले तळे निदान दहा-पंधरा दिवस उन्हावाऱ्यात राहू द्यावे, आणि भरताना पाइपचे तोंड पाण्यात बुडवून न ठेवता बांधावरच्या फरशीवर पाणी हातभर उंचीवरून आपटत पडेल अशी सोय करावी.

प्राणवायू भरलेल्या पिशव्या गाडीतून उतरवल्या की लगेच फोडणे ही सर्वांत जास्त वेळा होणारी चूक आहे. पिशवीतले पाणी आणि तळ्यातले पाणी यांच्या तापमानात चार-पाच अंशांचा फरक सहज असतो आणि असा अचानक बदल बोटुकलीला सोसत नाही. न उघडलेल्या पिशव्या पंधरा ते वीस मिनिटे तळ्यात तरंगत ठेवाव्यात, मग तोंड उघडून तळ्यातले पाणी ओंजळीओंजळीने आत घालावे आणि शेवटी पिशवी आडवी करून बोटुकली आपणहून बाहेर पडेपर्यंत थांबावे. हे काम सकाळी लवकर किंवा सूर्य कलल्यावर करावे. उन्हाळ्यात काळा कागद किती तापतो, हे त्यावर एकदा अनवाणी उतरलेल्या माणसाला सांगावे लागत नाही.

आणखी एक गोष्ट तोंडावर विचारण्यास आपण संकोच करतो, ती म्हणजे मोजणी. बियाणे बहुधा गाळणीने मोजतात: एका गाळणीतली बोटुकली मोजायची आणि पुढे नुसत्या गाळण्या मोजायच्या. मोजण्याची गाळणी काठोकाठ आणि नंतरच्या अर्ध्या, असे झाले तर निम्मे मासे तळ्यात कधी आलेलेच नसतात. मधली कोणतीही एक गाळणी आपण निवडावी आणि परातीत ओतून स्वतः मोजावी. मापही पाहावे. अंड्यातून नुकतीच निघालेली पिल्ले म्हणजे मत्स्यजिरे, इंचभर झाली की मत्स्यबीज, आणि तीन-चार इंचांची, आपल्या बोटाएवढी झाली की बोटुकली. बोटुकलीच्या नावाखाली मत्स्यबीज आले असेल तर ते थेट मोठ्या तळ्यात टिकण्याची आशा धरू नये. हप्प्यात पेंड आणि कोंडा घालून ते दीड-दोन महिने वाढवावे आणि मगच मोकळे सोडावे.

मेलेला मासा एकही दिसत नाही, तरी मासे नाहीत

तळे भरलेले आहे, पाण्याला वास नाही, काठावर एकही मेलेला मासा नाही आणि तरी जाळे रिकामे येते, तेव्हा वर पाहावे. आमच्या तळ्यावर सकाळी साडेसहाच्या सुमारास पाणकावळे उतरत. पाचसहा जण ओळीने बुडी मारत, वर येऊन मान झटकत आणि मग पंख पसरून बांधावर वाळत बसत; मला ते दृश्य पहिले वर्षभर फार सुंदर वाटत होते. त्यांच्या जोडीला खंड्या, बगळे आणि ढोकरी असतातच आणि रात्री दिवड (पाण्यातला साप) येते. मत्स्यबीजाच्या वयात तर पाणभुंगेरे आणि चतुराच्या अळ्यासुद्धा पिल्लांना पकडून खातात. पक्ष्यांना मारणे किंवा विष घालणे हा कायद्याने गुन्हा आहे आणि त्याची गरजही नाही. तळ्यावर मीटर-सव्वा मीटर अंतराने नायलॉनच्या दोऱ्या आडव्या ताणल्या की पाणकावळ्याला उतरण्यासाठी आणि विशेषतः धावत उडण्यासाठी लागणारी मोकळी पट्टी उरत नाही. काठावर उभे राहून मासे टिपणारा बगळा या दोऱ्यांना जुमानत नाही. त्यासाठी काठाने गुडघ्याएवढी जाळी लावावी लागते.

दुसरा चोर आपण स्वतःच लावलेला असतो. तिसऱ्या वर्षी ठिबकचा फिल्टर धुताना जाळीवर चंदेरी खवले आणि एक चिरडलेले शेपूट चिकटलेले दिसले, तेव्हा मोटरीने आजवर किती बोटुकली डाळिंबाच्या झाडांना घातली असतील याचा अंदाज आला. फूटव्हॉल्व्हभोवती, म्हणजे मोटरीच्या पाइपच्या पाण्यातल्या तोंडाला असलेल्या झडपेभोवती, बारीक जाळीची मोठी टोपली बांधावी. टोपली जितकी मोठी तितकी ओढ कमी होते आणि लहान मासा जाळीला चिकटून मरत नाही. पाणी आत येते त्या तोंडालाही अशीच जाळी हवी. तिचे कारण पुढे येईल.

या दोन्ही उपायांपेक्षा जास्त फरक पडला तो निवाऱ्याने, म्हणून त्याविषयी थोडे सविस्तर लिहितो.

कागदाच्या तळ्यात निवारा कसा करावा

मातीच्या जुन्या तळ्यात गाळ असतो, काठाला गवत असते, पाण्यात उतरलेली झाडाची मुळे असतात. बोटुकलीला लपायला जागा असते आणि त्याच जागेवर तिचे खाद्यही तयार होते. कागदाचे तळे म्हणजे गुळगुळीत भिंतींचा हौद. त्यात आडोसा नाही आणि माती नसल्याने पाण्याला पोषणही मिळत नाही. आपण पाण्याचा पाझर थांबवण्यासाठी कागद घालतो आणि त्याच कागदाने माशाचे घर व स्वयंपाकघर दोन्ही बंद करतो.

पाण्यात बुडालेल्या बांबूवर दोन-तीन आठवड्यांत बुळबुळीत थर चढतो. तो नुसता शेवाळाचा नसतो. त्यात सूक्ष्म वनस्पती, जिवाणू आणि बारीक जीव असे सगळे मिसळलेले असते. रोहू हा थर ओठांनी खरवडून खातो. बंगालमध्ये आणि बांगलादेशात पाण्यात बांबू व फांद्या रोवून मासे गोळा करण्याची पद्धत जुनी आहे आणि बांबू रोवलेल्या तळ्यांत रोहूची वाढ अधिक होते, हे तिकडच्या प्रयोगांतही दिसून आले आहे. आपल्याकडे अडचण एकच आहे: कागदावर बांबू रोवता येत नाही.

त्यामुळे बांबू उभा न रोवता टांगावा. तळ्याच्या समोरासमोरच्या बांधांवर खुंट पक्के करून त्यांमध्ये नायलॉनची जाड दोरी ताणावी आणि तिला हातभर ते दोन हात अंतराने बांबू लटकवावेत. खालचे टोक तळापासून फूटभर वर राहिले पाहिजे. पाणी कमी झाल्यावर ते कागदाला टेकणार, हे धरून प्रत्येक टोकाला जुन्या सायकलच्या ट्यूबचा तुकडा तारेने नव्हे तर सुतळीने घट्ट बांधावा. बांबू वाळलेला घ्यावा. रिकाम्या पोकळीमुळे तो तरंगतो, म्हणून पेरांमध्ये भोके पाडावीत किंवा गोटे भरलेली कापडी पिशवी वजनाला बांधावी. तळ्याचा एक तृतीयांश भाग एवढ्यापुरतेच हे करावे. सगळ्या तळ्यात बांबू टांगले तर मासे पकडताना ओढजाळे फिरवता येणार नाही आणि आपणच आपल्याला शिव्या घालू.

बाभळीच्या फांद्या तळ्यात टाकाव्यात असा सल्ला जुने जाणते मासेमार देतात. मातीच्या तळ्यात तो उत्तम आहे, कारण काट्यांमुळे चोराचे जाळेही फाटते. कागदाच्या तळ्यात मात्र एक काटा पुरतो. ओल्या पाल्यासकट कोणतीही फांदी टाकू नये, कारण पाला कुजताना पाण्यातला प्राणवायू खाऊन टाकतो. उसाच्या पाचटाच्या मोळ्यांवरही माशांच्या उपयोगाचा थर चांगला चढतो, पण पाचट कुजते, म्हणून लहान मोळ्या दोरीला बांधून महिन्या-दीड महिन्याने काढून टाकण्याची तयारी असेल तरच तो मार्ग धरावा. मी स्वतः जुन्या शेडनेटच्या पट्ट्या वापरतो. दोन हात रुंदीच्या पट्ट्या बांबूंच्या मधे पडद्यासारख्या सोडल्या की थर त्यांवरही चढतो आणि पाणकावळा आला की बोटुकली त्या पडद्याआड शिरतात. पट्टीचे सुटे धागे आधी मेणबत्तीने वितळवून घ्यावेत, नाहीतर त्यांत माशांचे कल्ले अडकतात. टायर, रंगाचे डबे आणि औषधांचे कॅन निवारा म्हणून तळ्यात टाकू नयेत.

सावलीसाठी पीव्हीसी पाइपची बंद चौकट करून तिच्यावर जाळी बांधली आणि त्यात वाळा किंवा कर्दळ लावली की तरंगता वाफा तयार होतो. मुळे खाली पाण्यात लोंबतात, पाण्यातले जादा पोषण ओढून घेतात आणि लहान माशांना आडोसा मिळतो. असे वाफे एकूण पृष्ठभागाच्या दहाव्या हिश्श्यापेक्षा जास्त नसावेत. जलपर्णी कितीही फुकट आणि हिरवीगार मिळाली तरी आणू नये. ती एकदा शिरली की तळे तिचे होते. तळ्यात गवत्या मासा असेल तर वाफ्याची मुळे तो कुरतडतो, हेही आधीच ध्यानात घ्यावे.

हे काम करताना एक पथ्य पाळावे. ओला कागद साबणासारखा निसरडा असतो आणि पोहणाऱ्या माणसालाही उतारावरून वर येता येत नाही. अशा तळ्यांत माणसे बुडाल्याच्या बातम्या दरवर्षी येतात. चारही बाजूंनी गाठी मारलेला दोर आत सोडलेला असल्याशिवाय आणि बांधावर दुसरे माणूस उभे असल्याशिवाय कोणीही आत उतरू नये.

पहाटे मासे तोंड वर काढत असतील तर

मासे सहा-आठ महिने छान वाढतात आणि एका सकाळी मोठमोठे मासे मरून पडलेले असतात, लहान मात्र बरेचसे जिवंत असतात. मेलेल्यांची तोंडे उघडी आणि कल्ले फाकलेले दिसतात. हा रोग नाही. ही गुदमर आहे. दिवसा पाण्यातल्या सूक्ष्म वनस्पती उन्हात प्राणवायू तयार करतात, रात्री मात्र त्याच वनस्पती, मासे आणि तळातली घाण हे तिघेही तो वापरतात. म्हणून सूर्य उगवण्याच्या थोडे आधी पाण्यात प्राणवायू सर्वांत कमी असतो. तीस अंश तापमानाच्या पाण्यात तो मुळात लिटरला साडेसात मिलिग्रॅमच्या आसपासच मावतो. पाचच्या वर असला तर मासे सुखात असतात आणि तीनच्या खाली गेला की मोठे मासे आधी संकटात येतात.

याचा धोका कोणत्या दिवशी आहे, हे आधी कळते. आभाळ सलग दोन-तीन दिवस भरलेले असेल, वारा पडलेला असेल आणि पाणी गडद हिरवे असेल, तर त्या रात्री झोपू नये. उन्हाळ्याच्या शेवटी पहिला वळीव पडला की वरचे गार झालेले पाणी खाली जाते, तळातले कुजके पाणी वर येते आणि पहाटे मासे काठाला येऊन हवा गिळू लागतात. अशा वेळी ताबडतोब करायची गोष्ट म्हणजे पाणी हलवणे. एअरेटर (पाण्यात हवा मिसळणारे यंत्र) असेल तर उत्तमच; पण शेतीपंपाची तीन फेज वीज ठराविक तासांपुरती आणि पाळीपाळीने येत असल्याने पहाटे चारला ती असेलच असे नाही. मी डिझेल इंजिनाने तळ्यातलेच पाणी उचलून तुषार सिंचनाच्या नोझलमधून परत तळ्यावर फवारतो. सूर्य वर येईपर्यंत दोन-तीन तास एवढे केले तरी मासे वाचतात. त्या दिवशी खाद्य अजिबात देऊ नये, पुढचे दोन दिवस निम्मे द्यावे.

यावर चुना टाकण्याचा सल्ला सर्रास मिळतो. आम्ल मातीच्या तळ्यात चुना गुणकारी आहे हे खरे, पण आमच्या भागातले पाणी मुळातच अल्कधर्मी असते आणि हिरव्या तळ्यात दुपारी सामू (पीएच) आणखी चढतो. सामू वाढला की पाण्यातल्या अमोनियाचा विषारी भाग वाढतो, म्हणजे गुदमरलेल्या माशावर आपण वर विषही घालतो. सामू मोजण्याच्या कागदी पट्ट्यांचे पुडके स्वस्तात मिळते. ते दुपारी तीन वाजता बुडवून पाहावे आणि साडेआठच्या वर रंग आला तर चुन्याचे पोते परत घरात ठेवावे.

कायमचा उपाय पाण्याच्या रंगावर लक्ष ठेवण्यात आहे. हात कोपरापर्यंत पाण्यात उभा बुडवावा. बोटांची टोके अंधुक दिसली तर पाणी बेताचे हिरवे आहे. मनगटच दिसेनासे झाले तर शेणखत आणि खाद्य थांबवावे, आणि बागेला पाणी देताना ते तळाजवळून उपसून त्याजागी नवे पाणी घ्यावे. हे गडद हिरवे पाणी डाळिंबाला खत म्हणून चालते. उलट पूर्ण हात लख्ख दिसत असेल तर पाण्यात खाद्यच नाही. अशा वेळी पंधरा-वीस किलो जुने शेणखत गोणपाटात बांधून काठाजवळ टांगावे आणि पाणी हिरवट झाले की गोणपाट बाहेर काढावे. शेण थेट ओतले तर कागदावर त्याचा थर बसतो आणि पुढच्या ढगाळ आठवड्यात त्याचा हिशेब चुकता करावा लागतो.

भर दिवसा सगळेच मेले तर

लहान-मोठे, सगळ्या जातींचे मासे एकाच दुपारी गेले, काही गोल गोल फिरत मेले, आणि बेडूक-पाणकिडेही मेलेले दिसले, तर फवारणी आठवावी. पायरेथ्रॉइड गटातली कीटकनाशके माशांना अत्यल्प प्रमाणातही घातक असतात. डाळिंबावरच्या तेल्या रोगासाठी आपण बोर्डो मिश्रण मारतो. त्यातले मोरचूद पाण्यात उतरले तर माशांना तेही विषच आहे. वारा तळ्याच्या दिशेने असताना फवारणी करू नये, तळ्याच्या बाजूच्या दोन ओळी शेवटी आणि वारा पडल्यावर घ्याव्यात. आमच्याकडे एकदा एका मजुराने रिकामा पंप तळ्यात विसळला होता. त्याचा दोष नव्हता, कारण त्याला कोणी सांगितलेच नव्हते. आता पंप विसळण्याची जागा बागेच्या दुसऱ्या टोकाला आहे आणि तिथे पाण्याचे पिंप भरून ठेवलेले असते.

मासे जगतात पण वाढत नाहीत

हा प्रश्न मृत्यूपेक्षा अधिक वेळा येतो आणि त्याचे कारण बहुधा संख्या हे असते. तळ्याचा हिशेब पृष्ठभागावर करतात. एअरेटर नसलेल्या साध्या तळ्यात हेक्टरी पाच ते दहा हजार बोटुकली सोडण्याचा प्रघात आहे. तीस बाय तीसचे तळे म्हणजे नऊशे चौरस मीटर, म्हणून त्यात साडेचारशे ते नऊशे मासे. मी पाच हजार सोडत होतो! आता मी पाचशे सोडतो आणि हाती येणाऱ्या माशांचे वजन पूर्वीच्या कोणत्याही वर्षापेक्षा जास्त भरते.

जातींची निवडही कागद पाहून करावी. कटला वरच्या थरात, रोहू मधल्या थरात आणि मृगळ तळाशी खातो, म्हणून तिघांना साधारण सारख्या वाट्याने सोडावे असे शिकवतात. हा नियम मातीच्या तळ्यासाठी आहे. कागदाच्या तळ्यात पहिली एक-दोन वर्षे गाळच नसतो, त्यामुळे तळ चाळून खाणारा मृगळ उपाशी राहतो. माझे ते काडीसारखे बासष्ट मासे बहुतेक मृगळच होते. पाचशेंत मी अडीचशे रोहू, दीडशे कटला आणि मृगळ व सायप्रिनस (कॉमन कार्प) मिळून शंभर घेतो. बांबू टांगले असतील तर रोहूचा वाटा मोठा ठेवण्यात फायदा आहे. पंगासियस भराभर वाढतो हे खरे असले तरी त्याला थंडी सोसत नाही आणि तो पूर्णपणे विकतच्या खाद्यावर जगतो, म्हणून नवशिक्याने त्याच्या वाटेला जाऊ नये.

खाद्य म्हणून शेंगदाण्याची पेंड आणि भाताचा कोंडा समप्रमाणात भिजवून द्यावा. सुरुवातीला माशांच्या एकूण वजनाच्या पाच टक्के आणि पुढे दोन टक्के हे प्रमाण पुरते. दहा ग्रॅमची पाचशे बोटुकली म्हणजे पाच किलो वजन, त्यांना दिवसाला पाव किलो खाद्य झाले. भोके पाडलेल्या थाळीत खाद्य ठेवून ती रोज एकाच जागी, एकाच वेळी सोडावी आणि दोन तासांनी वर काढून पाहावी. थाळीत खाद्य उरले तर दुसऱ्या दिवशी तेवढे कमी करावे.

'एकदा सोडले की ते अंडी घालून वाढतील' हा समज अजूनही टिकून आहे. कटला, रोहू आणि मृगळ हे नदीचे मासे असून साठलेल्या पाण्यात ते अंडी घालत नाहीत. १० जुलै १९५७ रोजी डॉ. हिरालाल चौधरी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी ओडिशातील अंगुल येथे पीयूषिका ग्रंथीच्या अर्काचे इंजेक्शन देऊन या जातींची कृत्रिम वीण साधली, तेव्हापासून बियाण्यासाठी नदीवरच अवलंबून राहणे संपले. म्हणूनच १० जुलै हा राष्ट्रीय मत्स्यशेतकरी दिन मानला जातो. आपल्याला बोटुकली दर मोसमात नव्याने आणावीच लागतात.

आपल्या तळ्यात आपोआप वाढणारा मासा म्हणजे चिलापी (तिलापिया). ती १९५२ मध्ये भारतात आणली गेली आणि आज उजनीच्या जलाशयापासून ओढ्यापर्यंत सगळीकडे आहे. तिची मादी अंडी व पिल्ले तोंडात सांभाळते, त्यामुळे कालव्याच्या पाण्याबरोबर चार चिलापी आत आल्या तरी वर्षात शेकडो होतात आणि आपण टाकलेले खाद्य त्या संपवतात. पाण्याच्या तोंडाला जाळी हवी ती यासाठी. शिरल्याच असतील तर तळे रिकामे करून वाळवणे हा खात्रीचा उपाय आहे. तळात थोडे पाणी राहतच असेल तर मोहाची पेंड वापरतात. तिचे प्रमाण हेक्टरी मीटरभर पाण्याला अडीच हजार किलो, म्हणजे दर घनमीटर पाण्याला पाव किलो आहे. तिचा विषारी परिणाम दोन-तीन आठवडे राहतो, तोवर नवे मासे सोडू नयेत. मांगूर म्हणून कोणी आफ्रिकन मांगूर देऊ केला तर घेऊ नये. तो बाकीचे मासे खातो आणि केंद्र सरकारने २००० सालीच त्याच्या पालनावर बंदी घातली आहे.

मासे कधी काढावेत

तळ्याच्या बाजू उतरत्या असल्याने पाणी निम्म्या उंचीवर आले की ते निम्मे उरत नाही. एकास एक उताराच्या तीस बाय तीसच्या तळ्यात काठोकाठ भरल्यावर २,१९६ घनमीटर पाणी मावते. दीड मीटर उंचीवर ते सुमारे ९७७ घनमीटर राहते आणि एक मीटरवर अवघे ६२५. बागेला पाणी हवे असते नेमके उन्हाळ्यात, ऊन पाणी उडवते आणि मासे तोवर सर्वांत मोठे झालेले असतात. म्हणून सगळे मासे मे महिन्यापर्यंत ठेवण्याचा हट्ट धरू नये. बांधावर एक पट्टी रोवून दीड मीटरची खूण करावी आणि पाणी त्या खुणेला आले की मोठे मासे काढण्यास सुरुवात करावी. आदल्या दिवशी खाद्य बंद ठेवावे, टांगलेले बांबू दोरीसकट एका बाजूला ओढून घ्यावेत आणि ओढजाळ्याच्या खालच्या दोरीला शिशाच्या मण्यांऐवजी जाड सुती दोर बांधावा, म्हणजे कागद खरचटत नाही.

तळे रिकामे झाले की बांबू आणि शेडनेटच्या पट्ट्या बांधावर उन्हात वाळवाव्यात. टोकांच्या ट्यूब तपासाव्यात, फूटव्हॉल्व्हची टोपली धुऊन तिची फाटलेली जाळी शिवावी आणि कागदावरचा गाळ सगळा न काढता बोटभर थर तसाच राहू द्यावा. पुढच्या वर्षीच्या मृगळाची तेवढी तरी सोय होते.